गिरणीवालीचं शेवटचं वाक्य

६ सप्टेंबर

ताई,

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं बदललं. वेळ अगदी पक्की आहे. तालमीच्या खोलीतलं घड्याळ माझ्या नाकासमोर आहे आणि त्या खोलीत तेवढी एकच वस्तू धड चालते. त्याआधीचा मी आणि नंतरचा मी समोरासमोर आले तर एकमेकांना ओळखसुद्धा दाखवणार नाहीत.

आधी तुला न आवडणारी बातमी. कॉलेज सोडलं. अकरा दिवस झाले. काढलं नाही, सुटलं नाही, सोडलं. दोन वर्षं दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना तिसऱ्यांनी लिहिलेली उत्तरं पाठ केली, आता बास. बाबांना तूच सांग. फोन दिवाणखान्यात त्यांच्या खुर्चीला चिकटून आहे, मला त्यांचा श्वास ऐकत बोलता येत नाही. पण सांगताना 'बिचारा' वगैरे म्हणू नकोस. बिचारा मी तिथे होतो.

आता मी एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे. काम असं की विंगेत अंधारात स्टुलावर बसायचं आणि कुणी वाक्य विसरलं की त्याचे पहिले दोन शब्द हळूच पुरवायचे. फक्त दोन. तिसरा दिला तर दिग्दर्शक म्हणतात, "मग तूच ये ना रंगमंचावर, आम्ही घरी जातो." मला इथे सगळे 'स्टूल' म्हणतात. म्हणू देत.

नाटक जुनं आहे, विनोदी, तीन जोड्यांचं. त्यातली खरी जोडी म्हणजे एक वैद्य आणि त्याच्या शेजारची गिरणीवाली. दोघांच्या अंगणांमध्ये एक भिंत आहे आणि त्या भिंतीवरून पाच अंक खटला चालतो. तिला भिंत उंच हवी, कारण त्याच्या औषधांच्या धुरानं तिचं पीठ कडू होतं. त्याला ती बुटकी हवी, कारण सावलीनं त्याच्या वनस्पती मरतात.

सोमवारी वैद्याचं काम करणारा नट दाढ काढून आला, गाल असा की आत लिंबू ठेवलंय. दिग्दर्शक म्हणाले, "ए स्टूल, तू वाच." मी वाचायला लागलो. दोन वाक्यांत गिरणीवालीचं काम करणारी थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हा भांडतोय की किराण्याची यादी वाचतोय?"

तुला माझं डोकं माहीत आहे. मी वही खाली आपटली. नाटक मला तोंडपाठ आहे, तेच तर काम आहे माझं. सगळा प्रवेश मी तिच्या तोंडावर भांडलो. ती अर्धं पाऊल मागे गेली. मग म्हणाली, "पुन्हा म्हण."

चार वाजून दहा मिनिटं, ताई.

ती दिवसा दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं लिहून घेते. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असेल. असू दे. तेव्हापासून रोज माझ्याशी भांडते.

तुझाच,
तडतड्या


११ सप्टेंबर

तडतड्या,

पत्राची सुरुवात शिवीनं करू नये असं आईनं शिकवलं होतं, म्हणून आधी आशीर्वाद. आता पुढे वाच.

गाढवा! दोन वर्षं झाली होती, एकच राहिलं होतं. अकरा दिवसांनी कळवतोस आणि वर म्हणतोस वेळ पक्की आहे.

बाबांना सांगितलं. त्यांनी हातातलं किलोचं वजन फडक्यानं पुसलं, पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "त्याचं माप पहिल्यापासून कमीच होतं." अख्ख्या गावाचे तराजू तपासणारा माणूस, दुसरं काय म्हणणार. मग दोन तास वर्तमानपत्र धरून बसले आणि पान एकदाही उलटलं नाही. तुझी खोली मात्र मला आवरू दिली नाही. राहू दे म्हणाले.

आणि हो, मागच्या वेळी जाताना दार पुन्हा उघडंच टाकून गेलास. ते चौकटीत अडकतं, गुडघा लावून उचलून ओढावं लागतं, हे लहानपणापासून तुला शंभरदा सांगितलं. तू ढकलतोस आणि चालू पडतोस. उठून लावते कोण? मीच.

गिरणीवालीबद्दल काय लिहू? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, एवढंच. पण तुझ्या त्या भिंतीचं वाचून मला हसू आलं, कारण आमच्या कारखान्यात तसंच काहीसं आहे. चष्म्याची काच घासून झाली की ओरखडा राहिलाय का ते दिव्याखाली कळत नाही, दिवसाच्या उजेडात धरावी लागते. आणि उजेडाची खिडकी एकच, ती अडवून बसलेला तो. मी त्याला खिडकीवाला म्हणते. तू त्याला पाहिलंयस, तो उंच, मान वाकडी करून बसणारा. दिवसातून वीस वेळा मी त्याच्या खांद्यावरून काच धरते. तो म्हणतो, "सावली पडते." मी म्हणते, "मग उठा." तीन वर्षं हेच चाललंय.

तर गेल्या रविवारी त्याची आई घरी येऊन बाबांशी बोलून गेली. आणि काल त्यानं मला विचारलं. काच उजेडात धरून, माझ्याकडे न बघता. "तुम्हाला चालेल का?" मी म्हटलं, "काय, काच?" तो म्हणाला, "नाही. मी."

मी महिनाअखेरीपर्यंत वेळ मागितलाय. तो म्हणाला, "घ्या." बाबा म्हणाले, "कशाला?"

हे तुला लिहितेय कारण कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सल्ला मागत नाहीये. पुन्हा लिहिते, सल्ला मागत नाहीये.

ताई


१५ सप्टेंबर

ताई, ताई, ताई!

अगं, हे आमचंच नाटक आहे! भिंतीच्या जागी खिडकी, बाकी सगळं तेच. आणि तू वेळ मागतेस? नाटक संपत आलंय आणि तुला अजून आपली भूमिका कोणती ते कळेना!

थांब, मी समजावतो. वीस दिवस रोज सहा तास मी तीन जोड्यांना प्रेमात पडताना बघतोय.

पहिली जोडी एका नजरेत पडते. न्यायाधीशाची मुलगी सज्जात, तो रस्त्यात. वर बघतो, पडतो, उठतो तो प्रेमात. त्यांना पाच अंक नुसतं उसासे टाकायचं काम. खरं सांगू, त्यांचा प्रवेश लागला की तालमीतसुद्धा सगळे खोकतात. दुसरी जोडी घोडेवाला आणि मोलकरीण. ते आधी ठरवून घेतात: उशी कुणाची, घोरायचं कुणी, सासूला पाणी कोण देणार. आणि सगळं ठरवता ठरवता एकदम गप्प होतात, कारण ठरवायचं काही उरत नाही आणि निघावंसं वाटत नाही.

पण वैद्य आणि गिरणीवाली! त्यांचं प्रेम कोर्टात वाढतं. पहिल्या तारखेला तो मोजमापाचा नकाशा घरी विसरतो. खरंच विसरतो. पुढची तारीख मिळते. दुसऱ्या तारखेला ती साक्षीदार आणायला विसरते. तिसऱ्या अंकात त्याच्या खिशातून नकाशाचं टोक डोकावत असतं आणि तो न्यायाधीशांना शपथेवर सांगतो की नकाशा घरी राहिला. तालमीत सगळे हसतात. ती हसत नाही, ती नुसती ते टोक बघते. तिथे पडते ती प्रेमात, ताई. निकाल लागला तर भेटायला कारण उरणार नाही, म्हणून दोघं मिळून खटला लांबवतात आणि दोघांनाही वाटतं की आपण एकटेच लबाड आहोत.

आता मला सांग, तीन वर्षांत मालकाला सांगून दुसरी खिडकी पाडून घेता आली नसती? दोघांपैकी एकानं तरी मागितली? तो तुझ्याआधी येऊन खिडकी अडवतो, की तू यावंस म्हणून अडवतो? वीस वेळा काच धरायला जातेस, त्यातल्या किती काचांना खरंच ओरखडा असतो?

शेवटच्या अंकात न्यायाधीश म्हणतात, "भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच कुटुंब राहायला आलं तर खटला आपोआप मिटतो." सगळे गिरणीवालीकडे बघतात. ती म्हणते, "पाडा ती भिंत." पडदा.

तीन शब्द आहेत. म्हणून टाक.

माझंही ठीक चाललंय. काल तिनं मला वही फेकून मारली. कानाला लागली. ज्याच्याविषयी काही वाटत नाही त्याला माणूस वही मारत नाही.

तडतड्या


१९ सप्टेंबर

तडतड्या,

कानाला तेल लाव.

इथे सगळं ठीक. बाबांच्या ऑफिसात नवा तराजू आलाय, श्वास सोडला तरी काटा हलतो म्हणे. रोज येऊन त्याचंच सांगतात. तुझं नाव काढत नाहीत, पण परवा जेवताना म्हणाले, "विंगेत बसतात त्यांना पंखा असतो का?" असतो का?

कारखान्यात काम फार आहे. मालक सांगत होते, मोठ्या शहरातल्या कारखान्यात वर्षभर शिकायला घेतात, दुर्बिणीच्या काचा घासायचं शिक्षण. एक अर्ज आणलाय, खणात पडलाय.

तुझं लांबलचक पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

दाराला सुतार बोलवायचाय. बाबा म्हणतात, उचलून लागतं ना, मग सुतार कशाला.

जेवत जा.

ताई


२२ सप्टेंबर, सकाळ

ताई,

पंखा नाही. बाबांना सांग, घाम गाळतोय.

तुझं पत्र वाचलं आणि हसलो. तराजू, तेल, सुतार, दुर्बिणी! मी चार पानं खिडकीवर लिहिली आणि तू खिडकीबद्दल एक अक्षर लिहीत नाहीस. अगं, मी प्रॉम्प्टर आहे. समोरचा माणूस वाक्याशी येऊन अडला की कसा इकडेतिकडे बघतो, टेबलावरच्या वस्तू उचलून ठेवतो, हे मी रोज बघतो. वाक्य जिभेवर असतं, पहिले दोन शब्द तेवढे मिळत नाहीत. तुझं तेच झालंय. आई गेल्यापासून तू घरात सगळ्यांचं बोललीस, स्वतःचं बोलायची सवयच मोडली.

म्हणून मी माझं काम केलं. काल बाबांना पत्र टाकलं. लिहिलं की ताईनं मला कळवलंय, तिला खिडकीवाला पसंत आहे, फक्त तुमच्यासमोर बोलायला लाजते. पत्र आज-उद्या पोचेल. महिनाअखेरीची वाट कशाला बघायची?

रागावशील. चार दिवस. मग मला मिठी मारशील.

आज पहिला प्रयोग. गिरणीवाली सकाळपासून कुणाशी बोलत नाहीये. मला मात्र म्हणाली, "आज तोंड सांभाळ." बघ, बोलली ती माझ्याशीच.

तुझा प्रॉम्प्टर


२७ सप्टेंबर

तडतड्या,

नीट बसून वाच.

तुझं पत्र बाबांना तेवीसला मिळालं. त्याच संध्याकाळी ते खिडकीवाल्याच्या घरी जाऊन शब्द देऊन आले. मला सांगितलं नाही. सांगणार तरी कशाला, ती बातमी माझीच तर होती!

चोवीसला सकाळी मी कारखान्यात गेले. खिडकीपाशी माझं काच घासायचं चाक होतं. माझा चिमटा, माझं फडकं, माझा कान तुटलेला कप, सगळं मी ठेवते तसंच, डावीकडून उजवीकडे. खिडकीची काच आतून-बाहेरून पुसलेली. आणि तो माझ्या जुन्या कोपऱ्यात दिव्याखाली, मान आणखी वाकडी करून बसलेला. मला बघून हसला. तीन वर्षांत तो हसलेला मी पाहिला नव्हता.

मी विचारलं, "हे काय?"

तो म्हणाला, "तुम्ही हो म्हणालात ना."

मी तिथे उभी राहिले, तडतड्या. आयुष्यात पहिल्यांदा उजेड माझा होता आणि मला समोरची काच दिसेना.

तुला वाटलं मी अडले. मी अडले नव्हते. मी थांबले होते. सकाळी चाकावर बसले की मनात म्हणायचे 'हो', आणि दिवसभर ते कसं वाटतं ते बघायचे. दुसऱ्या दिवशी म्हणायचे 'नाही', आणि दिवसभर ते घेऊन काम करायचे. एक दिवस तो अर्ज काढून ठेवायचे. काच घासताना घाई केली की मध्यभागी खड्डा पडतो, मग ती कितीही पुसा. एकवीस वर्षांची असल्यापासून तुमच्या दोघांच्या वेळेवर जगले. हे वीस दिवस माझे होते. तेवढेच होते.

कदाचित मी तेच म्हणाले असते जे तू लिहिलंस. हेच मला सहन होत नाही. आता मी 'हो' म्हटलं तरी ते तुझं उष्टं आहे. 'नाही' म्हटलं तर ते बाबांना आणि तुला दिलेलं उत्तर होईल, त्याला दिलेलं नाही. विचारलं त्यानं होतं.

म्हणून त्याला काही न सांगता जातेय. अर्ज भरला, मालकांनी दोन ठिकाणी फोन केले, जागा मिळाली. परवा निघते. पत्ता मागच्या बाजूला आहे. बाबांसाठी चिठ्ठी ठेवतेय: 'शब्द तुम्ही दिलात, तुम्हीच पाळा.' ही मी त्यांना दिलेली पहिली उलट उत्तराची चिठ्ठी.

तुझ्या नाटकात तिला तीन शब्द तरी लिहून दिलेत. माझे तू आधीच म्हणून मोकळा झालास.

ताई


५ ऑक्टोबर

ताई,

अक्षर हलतंय कारण बस हलतेय. खाली उतरलो की टाकीन.

माफी मागत नाही. माफी मागितली की तुला पुन्हा उत्तर द्यावं लागणार, आणि मी तुझ्यापुढे आणखी एक तारीख टाकून बसणार. जे झालं ते फक्त सांगतो.

तुझं पत्र येण्याच्या आधीच मला एक थोबाडीत बसली होती. मला ती कळली नव्हती, एवढंच. पहिल्या प्रयोगाला शेवटच्या अंकात न्यायाधीशांचं वाक्य झालं, सगळे गिरणीवालीकडे वळले आणि ती गप्प राहिली. एक. दोन. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. म्हटलं, वाक्य गेलं तिचं! मी विंगेतून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "पाडा ती..." पहिल्या चार रांगा हसल्या. तिनं वाक्य म्हटलं, पडदा पडला.

आत गेल्यावर ती आरशासमोर तोंड पुसत होती. मी म्हटलं, वाचवलं तुम्हाला. ती वळली. "त्या चार सेकंदांसाठी मी सहा आठवडे काम केलं. ती बाई पाच अंक बडबडते, कारण तिला विचार करायला कुणी जागाच दिलेली नसते. शेवटी एकदा मिळते. ती तू खाल्लीस."

मी म्हटलं, "तुम्ही माझ्याशी एवढं भांडता, म्हणजे..." ताई, ती हसली. वाईट नाही, दमलेलं हसली. "मी भांडते कारण तू वाईट प्रॉम्प्टर आहेस." मग खुर्ची ओढून मला समोर बसवलं. "विसरलेला माणूस खाली बघतो. वाक्य जमिनीवर पडल्यासारखं शोधतो. थांबलेला माणूस समोर बघतो. डोळे बघ माझे, वही काय बघतोस?"

सातव्या दिवशी तुझं पत्र आलं. तू कुठे बघत होतीस, ताई? पत्रात डोळे दिसत नाहीत, आणि मला तेवढंही सुचलं नाही की दिसत नसेल तर गप्प बसावं.

त्यानंतर चार प्रयोग झाले. मी वही मिटून तिचे डोळे बघतो. परवा ती सात सेकंद थांबली. कुणी खोकलं नाही. तिनं वाक्य म्हटलं तेव्हा मागच्या रांगेत एक बाई उभी राहिली.

काल मी तिला विचारलं. भिंत, खटला, कान, काही मध्ये न आणता. तुम्ही मला आवडता, तुमचं काय? ती काही बोलली नाही. समोर बघत होती. मी तोंड उघडलं नाही, ताई. मोजलं पण नाही. मग म्हटलं, "मला बस पकडायचीय," आणि निघालो. ती म्हणाली, "परवा प्रयोग आहे." एवढंच. मी त्याचा काही अर्थ लावत नाहीये. लावायला हात शिवशिवतायत, पण लावत नाहीये.

आज सकाळी अकराला घरी पोचलो. दिवाणखान्यात बाबा, खिडकीवाला आणि त्याची आई. चहा निवलेला. तुला परत कसं आणायचं याची बैठक चालली होती. बाबा म्हणाले, "बरं झालं आलास. तुझं ऐकते ती. तूच लिही तिला."

मी उभ्यानंच सांगितलं. "तिनं मला काही कळवलं नव्हतं. पसंत आहे असं एकदाही लिहिलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं."

खिडकीवाल्याची आई म्हणाली, "अगंबाई!" बाबांनी चष्मा काढला. त्यांचा चष्मा तूच केलेला, तो हातात घेऊन बसले.

"मी शब्द दिलाय," ते म्हणाले.

"तुमचा तुम्ही दिलात, तिचा मी दिला. दोन्ही खोटे. चला, दोघं परत घेऊ."

"शब्द परत घ्यायला ही काय भाजी आहे?"

"तुम्ही आयुष्यभर दुकानदारांची खोटी मापं जप्त केलीत, बाबा. हे आपल्या घरातलं."

बाबांचा चेहरा मला आधी कधी दिसला नव्हता असा झाला. पण तेवढ्यात खिडकीवाला बोलला. तो किती सावकाश बोलतो गं! "म्हणजे त्यांनी हो म्हटलं नव्हतं."

"नाही."

"आणि नाही?"

"तेही नाही."

त्यानं मान हलवली. काच तपासून बाजूला ठेवावी तसं थोडा वेळ बघत राहिला. मग उठला. "मग माझं उत्तर अजून यायचंय. मी विचारलं होतं, वेळ मी दिला होता, आणि दुसऱ्याकडून उत्तर आलं तरी घेऊन टाकलं. ही चूक माझीपण आहे." आईला हात देऊन उठवलं. दाराशी जाऊन मला म्हणाला, "त्यांचं चाक खिडकीतच आहे. कुणी हलवणार नाही. पण हे त्यांना कळवू नका, नाहीतर तो परत तगादा होईल."

मी कळवतोय. ते त्याचं वाक्य आहे, आणि मी ते होतं तसं लिहिलंय, एक शब्द वर नाही. तुला उत्तर द्यायचं तर दे, नको तर दुर्बीण घास.

ते गेले. बाबा आणि मी. बाबा म्हणाले, "दोन्ही मुलांनी मला गावात खोटं पाडलं." मी म्हटलं, "एकानं पाडलं. ती खोटं बोललेलीच नाही." ते म्हणाले, "उद्या कॉलेजात जाऊन नाव घाल. नाहीतर..." आणि थांबले.

खाली बघत होते, ताई. फरशीकडे. वाक्य खरंच सापडत नव्हतं त्यांना. मला माहीत होतं ते. 'नाहीतर या घरात पाऊल टाकू नकोस.' पहिले दोन शब्द दिले असते तर पुढचं सगळं गडगडत आलं असतं. मी दिले नाहीत.

मी म्हटलं, "कॉलेजात जाणार नाही. उद्या प्रयोग आहे. ताईला परत ये म्हणून लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. तिला वर्ष लागो, दहा लागोत. तुम्हाला माझ्यावर दार बंद करायचं असेल तर तुम्ही उठायची गरज नाही."

पिशवी उचलली. ते माझ्याकडे बघत होते, आता समोर. मी वाट पाहिली. बरीच. ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

बाहेर आलो. सवयीनं ढकलून चालायला लागणार होतो. पायरीवरून परत फिरलो, कडी धरली, गुडघा लावला, उचललं, ओढलं, आणि दार नीट बंद केलं.